पाण्यापासून बारा पावलं

तारीख ५ जुलै २०१५, वार रविवार. जागा, ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या साइटवरचं केबिन ऑफिस. हजर माणसं तीन: प्रोजेक्ट मॅनेजर, रिगर फोरमन रुस्ली आणि हजेरी-रजेचं काम बघणारा मी. रुस्लीने रजा मागितली होती १२ जुलैपासून. ११ जुलैअखेर त्याचे भरणारे दिवस ७१४. तिकिटासह रजा मिळायला लागणारे दिवस ७३०. कमी पडणारे दिवस १६.

हे आकडे त्या दिवशी मी मांडले तसेच इथे लिहिले आहेत. ते तेव्हा बरोबर होते आणि आजही बरोबर आहेत. ते पुन्हा येतील. आधी माणूस सांगतो.

रुस्ली इंडोनेशियाचा. सुमात्रा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचा. वय बेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, वजन मेडिकलच्या कागदावर चौपन्न किलो. क्रेनने काही उचलायचं असलं की त्या वस्तूला पट्टे आणि साखळ्या बांधायच्या आणि क्रेनवाल्याला हाताच्या खुणा करून ती वस्तू जागेवर बसवून घ्यायची, हे रिगरचं काम. आमच्या साइटवर अशी बावीस माणसं होती आणि रुस्ली त्यांचा फोरमन. तो मला ‘पाक परब’ म्हणायचा. पाक म्हणजे त्यांच्यात वडीलधाऱ्याला म्हणतात ते, आपल्या काकांसारखं. मी त्याच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा होतो.

त्याची हिंदी साइटवर शिकलेली. तिच्यात अर्धी अरबी आणि थोडी आमच्या आगुस्तीनची वसईची मराठी. आगुस्तीन म्हणजे शंभर टनी क्रेनचा ऑपरेटर. दोघांची जोडी होती. आगुस्तीन वर काचेच्या खोलीत, रुस्ली खाली धुळीत, आणि दिवसभर आगुस्तीनच्या शिव्या वॉकीटॉकीवर.

रुस्लीची एक सवय होती. कुठलंही ओझं असो, तो आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा. हाताने थोपटायचा. मग जमिनीपासून फक्त चार बोटं उचलायला लावायचा आणि थांबवायचा. मिनिटभर, दोन मिनिटं. ओझं हवेत चार बोटं आणि हा समोर उभा, मान थोडी कलती.

“काय करतोस रे?” मी एकदा विचारलं.

“पूछता है, पाक. जायेगा क्या, पूछता है.”

“आणि ते काय म्हणतं?”

“ठीक है तो कुछ नहीं बोलता.”

एकदा मोठा जनरेटर हलवायचा होता. दुक्मला जून-जुलैत समुद्रावरून सतत वारा असतो, ठरावीक वेगाच्या वर गेला की क्रेन थांबवावी लागते, त्यामुळे सकाळचे तीन तास हेच कामाचे. रुस्लीने चार बोटं उचलायला लावलं, एक कोपरा मागे राहिलेला दिसला आणि त्याने खाली ठेवायला सांगितलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर इंजिनीयर ओरडायला लागला, “यल्ला यार, चल लवकर! पूजा घालतोयस का?” वॉकीटॉकीवर आगुस्तीन म्हणाला, “अरे त्याला पंचांग द्या कोणीतरी.” रुस्ली जनरेटरपाशी गेला. जमिनीवर पालथा पडून त्याने सांगाड्याखाली हात घातला. पायाला धरून ठेवणारे आठ बोल्ट काढायचे होते, सात काढले होते. आठवा तसाच कसलेला होता. तो काढून त्याने इंजिनीयरच्या हातात ठेवला आणि रुमालाने आपलं तोंड पुसलं. त्या बोल्टसकट तसंच वर ओढलं असतं तर पट्टा तुटला असता, आणि खाली उभी होती ती सहा माणसं. मी त्या दिवसाची हजेरी नंतर मुद्दाम पाहिली. सहाच.

त्याच्या खोलीच्या खिडकीत दगड होते. कॅम्पच्या खोल्या तपासायचं काम दर महिन्याला माझ्याकडे यायचं. खोलीत काय असावं त्याची यादी असते, दगड यादीत नव्हते. मोजले, एकोणीस. दुक्मला दगडांना काय तोटा. जिथे बघाल तिथे दगड, वाऱ्याने चित्रविचित्र झिजलेले. मी म्हणालो, हे बाहेर टाक.

तो पहिल्यांदाच माझ्याशी अजिजीने बोलला. “पाक, मेरे गांव में एक भी पत्थर नहीं है.”

मला वाटलं, म्हणायची पद्धत असेल. पण ते अक्षरशः खरं होतं. त्याचं गाव सगळं चिखलावर. वीस-वीस फूट खणलं तरी चिखल आणि कुजकी झाडं. त्याने पहिला दगड पाहिला तो आठव्या वर्षी. एका होडीत तोल सांभाळायला कोणीतरी धोंडे घातले होते, आणि गावातली पोरं रांगेने एकेक धोंडा हातात धरून बघत होती. मी यादीखाली ‘इतर किरकोळ वस्तू’ असं लिहिलं आणि सही केली.

त्या गावाचं नाव पारित बेद्दू. पारित म्हणजे हाताने खणलेला पाट, आणि बेद्दू हे रुस्लीच्या आजोबांचं नाव. ही बुगिस जातीची माणसं. आजोबा दुसऱ्या बेटावरून समुद्र ओलांडून आले, नदीच्या मुखाशी कोणाची नव्हती ती दलदल पाहिली, आणि अकरा माणसांनी कुदळ-फावड्याने आत सरळ पाट खणत नेला. पाटातून दलदलीचं पाणी ओहोटीला बाहेर निघालं, दोन्ही बाजूंना नारळ लागले. ज्याने पहिली कुदळ मारली त्याचं नाव पाटाला, आणि पाटाचं नाव गावाला. मी मालवणकडचा, खाजण जमीन, बांध, भरतीला बंद होणारी उघाडीची दारं हे लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे मला ते गाव समजत गेलं असं मला वाटायचं.

पण ते खरं डोळ्यांसमोर आणलं माझ्या मुलीने. माझं कुटुंब मस्कतला, अल मवालेहला राहायचं. मी दर दुसऱ्या गुरुवारी साडेपाचशे किलोमीटर गाडी चालवून घरी जायचो. एकदा रुस्लीला पासपोर्टचं काम होतं म्हणून तो माझ्याबरोबर आला आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवला. ईशा तेव्हा सहावीत. तिला शाळेत परदेशातल्या एका खेड्याचं चित्र काढून न्यायचं होतं. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, “अगं, नेटवर कशाला शोधतेस, हे काका बसलेत ना खेड्यातून आलेले.”

ईशाने सगळ्या मुलांसारखी आधी खालच्या बाजूला एक तपकिरी रेघ मारली. रुस्लीने तिच्याकडून खोडरबर मागून घेतलं आणि ती रेघ खोडून टाकली.

“बट अंकल, वेअर इज द ग्राउंड?”

“नो ग्राउंड,” रुस्ली म्हणाला.

मग दोघांनी दोन तास बसून ते चित्र काढलं. मध्ये पाट, पाणी चहाच्या रंगाचं. दोन्ही बाजूंना लाकडी खांबांवर उभी घरं, झावळ्यांची छपरं. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत फळ्यांची वाट, कारण चालायला जमीन नाही. प्रत्येक घराशी पावसाच्या पाण्याचे मोठे रांजण, कारण पाटाचं पाणी पिता येत नाही. नारळ गाडीवर घालत नाहीत, पाटात सोडतात. शे-दोनशे नारळ एकमेकांना टेकत तरंगत खाली जातात आणि पोरं होडीतून त्यांना गुरांसारखी हाकत नेतात. ते ऐकून ईशा इतकी हसली की तिने नारळांना डोळे काढले.

शेवटी रुस्लीने स्वतः पेन्सिल घेऊन घरांच्या मागे तीन मोठे चौकोन काढले. खिडक्या नसलेले.

“हे काय? गोडाऊन?” मी विचारलं.

“पक्षी का घर.”

तिकडे पाकोळीसारख्या एका पाखराचं घरटं खाण्यासाठी फार महाग विकलं जातं. म्हणून पैसेवाले गावात सिमेंटचे बंद मनोरे बांधतात आणि पाखरांनी आत यावं म्हणून वर कर्णे लावून त्यांच्याच आवाजाची टेप दिवसभर वाजवतात. रुस्लीने आईला फोन लावला की मागे सतत चिवचिवाट ऐकू यायचा. मी म्हणायचो, किती पाखरं रे तुमच्याकडे. तो म्हणायचा, “टेप है, पाक. पक्षी आधा, टेप पूरा.”

सुनंदा चित्राकडे बघून म्हणाली, “माणसांची घरं लाकडाची आणि पाखरांची सिमेंटची?”

“आदमी तो बाहर है, भाभी,” रुस्ली म्हणाला. “मलेशिया, बातम, ओमान. पक्षी गांव में है.”

आता त्याच्या आईचं घर सांगायला हवं, कारण सगळं त्या घरापाशीच येतं.

आजोबांनी खणलेला पाट हाताने दोन वाव रुंद होता. पुढे यांत्रिक होड्या आल्या. होडी गेली की लाट उठते आणि काठाचा चिखल थोडा थोडा घेऊन जाते. पाट रुंद होत गेला. रुस्लीच्या आईचं घर नदीच्या तोंडाशी, सगळ्यात पुढे. काठ घराकडे सरकत होता. यावर त्यांच्याकडे एक उपाय आहे, आणि तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला थट्टा वाटली. ते घर उचलतात. मोडून नव्हे. आहे तसं, छपरासकट. घरातलं जड सामान काढायचं, खांबांना आडवे बांबू बांधायचे, गावातल्या सगळ्या पुरुषांनी खाली शिरून बांबू खांद्यावर घ्यायचे आणि घर चालवत मागे न्यायचं. रुस्ली चौदा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी ते घर असं एकदा मागे नेलं होतं. घराच्या मधल्या खांबाला ते घराची बेंबी म्हणतात. घरचा कर्ता पुरुष तिथे उभा राहून हाळी देतो, सेद्दी, दुवा, तेल्लू, म्हणजे एक, दोन, तीन, आणि घर उठतं. पैसे कोणालाच देत नाहीत. फक्त जेवण.

मी लगेच कागद घेतला. “साठ माणसं. माणशी पन्नास किलो. म्हणजे तीन टन.”

रुस्ली हसला. “पाक, कंधा का हिसाब किलो से नहीं होता.”

“मग कशाने होतो?”

“जो आदमी छोटा है, मेरे जैसा, उसके कंधे को बांबू लगता ही नहीं. ऊंचा आदमी उठाता है. फिर भी छोटा आदमी साथ चलता है. उसको कोई घर नहीं भेजता.”

आगुस्तीन शेजारी चहा पीत होता. तो म्हणाला, “आपल्या ऑफिसात पण तसंच आहे. परबाच्या खांद्याला काय लागतंय? पण चालतोय बिचारा बरोबर.”

घर आता पुन्हा मागे न्यायची वेळ आली होती. अडचण माणसांची. गावात उरले होते म्हातारे, बायका आणि शाळेतली मुलं. खांदे सगळे परदेशात. ते एकत्र येणार फक्त रमजानच्या ईदला. रुस्ली वर्षभर फोन करत होता. मलेशियातले चौदा, बातम बेटावरच्या कारखान्यांतले एकवीस, जहाजांवरचे सतरा. रोज संध्याकाळी जेवणानंतर एक फोन. कोण येणार, कोण नाही, याची यादी त्याने माझ्याकडून फुलस्केप कागद मागून घेऊन केली होती. २०१५च्या ईदला बावन्न पक्के झाले. बेंबीच्या खांबाशी उभा राहणारा त्रेपन्नावा, तो स्वतः.

आणि किती वेळ हातात आहे हे तो आईला विचारायचा. आई फोन कानाला लावून घराच्या शिडीपासून पाण्यापर्यंत चालायची आणि पावलं मोजायची. तो ओमानला निघाला तेव्हा चौदा होती. २०१४ला बारा.

आता पाच जुलै.

कंपनीचा नियम, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर तिकीट आणि दोन महिने रजा. रुस्ली ओमानमध्ये उतरला ९ जुलै २०१३ला. त्या तारखेपासून मोजलं तर ११ जुलैअखेर त्याचे ७३३ दिवस होत होते, म्हणजे तीन जास्तच. पण त्याचा बताका, म्हणजे इथे राहायचं ओळखपत्र, मिळाला २८ जुलैला. त्या तारखेपासून ७१४. नियमात ‘रुजू झाल्याची तारीख’ एवढंच लिहिलं होतं. मी सगळ्यांचे दिवस बताक्याच्या तारखेपासून धरत होतो. त्याच महिन्यात एका बिहारी सुताराला मी नऊ दिवसांसाठी नाही म्हटलं होतं. त्याच्या बहिणीचं लग्न होतं.

मॅनेजरने कागद बघून मला विचारलं, “परब, होईल का? तू म्हणशील तसं.”

त्याने सही केली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रुस्लीचा रोजा होता. ओठ कोरडे. तो उभाच होता. मी त्याला विचारलं, “आईची पावलं किती आली या वेळी?”

“बारह.”

“आणि गेल्या वर्षी?”

“बारह.”

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आकडा माझ्या बाजूने होता. मी म्हणालो, “म्हणजे वर्षभरात काठ हललेला नाही. बारा ते बाराच आहेत. पुढच्या ईदला तुझे दिवस पूर्ण असतील, घाई कसली? माणसं येतातच आहेत, तुझ्याशिवाय उचलतील नाहीतर पुढच्या वर्षी उचला.”

त्याने थोडा विचार केला. मान हलवली. “सही बात है, पाक. बारह तो बारह है.”

मी ७१४ लिहून कागद मॅनेजरपुढे सरकवला.

रुस्ली बाहेर गेल्यावर आगुस्तीनला कळलं. तो माझ्या दारात येऊन म्हणाला, “परब, उद्या स्वर्गाच्या दारावरचा सेंट पीटर आला ना, तर तू त्याच्याकडे पण गेटपास मागशील.” मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा. तो म्हणाला, “हो रे. सारखाच. बोंबला.”

ईदला बावन्न माणसं पारित बेद्दूला जमली. रुस्लीने दुक्महून फोन करून सांगितलं, मामा हाळी देतील, उचला. आई नाही म्हणाली. मोठा मुलगा असताना मामाने का हाळी द्यायची? आणि पाणी बारा पावलांवर आहे, कुठे पळून जातंय? जेवण मात्र तिने सगळ्यांना घातलं. माणसं जेवून, फोटो काढून आपापल्या घरी गेली आणि आठवड्याने आपापल्या देशांना.

निघायच्या आदल्या दिवशी रुस्लीच्या भाच्याने सहज टेप लावली. शिडीपासून पाण्यापर्यंत साडेतीन मीटर.

रुस्ली तो आकडा घेऊन माझ्याकडे आला. “पाक, बारह कदम साढ़े तीन मीटर होता है?”

मी भागाकार केला. पाऊल एकोणतीस सेंटिमीटरचं येत होतं. माझा विश्वास बसेना. पुढच्या शुक्रवारी मवालेहला घराच्या पॅसेजमध्ये मी टेप लावून चाललो. माझी बारा पावलं आठ मीटर. मग गुडघे दुखत असल्यासारखा, ओल्या फळीवर घसरू नये म्हणून पाय ओढत चाललो. साडेतीन मीटर आणि वर चार बोटं. सुनंदा स्वयंपाकघरातून बघत होती. “काय चाललंय तुमचं?” मी टेप गुंडाळली.

आईचे गुडघे २०१४च्या शेवटी गेले होते. काठ दर महिन्याला जवळ येत होता आणि तिचं पाऊल त्याच हिशेबाने आखूड होत होतं. म्हणून बारा ते बाराच राहिले. बावीस वर्षं मी हजेरी मोजण्याचं काम केलेलं, आणि पाऊल कोणाचं, केवढं, हे मी विचारलं नव्हतं.

रुस्लीला मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. मला वाटलं तो चिडेल. कागदाची घडी घालून तो मलाच समजावल्यासारखा म्हणाला, “गिनती गलत नहीं था, पाक. अम्मा का पैर छोटा हो गया.”

२७ जुलैला त्याचे ७३० भरले. पण आता एकट्याने जाऊन काय करायचं? घराला दिवस नको होते, खांदे हवे होते. त्याने बकरी ईदला माणसं जमवायचा प्रयत्न केला. एकोणीस तयार झाली. पण त्या सप्टेंबरात सुमात्रात दलदलीची वाळलेली जमीनच पेटली होती. झाडं नव्हे, खालची जमीन. विमानं बंद, होड्यांना समोरचं दिसेना. एकोणिसांतले सतराजण कळवून मोकळे झाले. रजा दोन वर्षांतून एकदाच. रुस्लीने तिकीट परत केलं. म्हणाला, छुट्टी खांद्यांबरोबरच वापरणार. पुढच्या ईदला.

त्या चार महिन्यांत तो क्रेनपुढे जास्त वेळ थांबायला लागला. चार बोटं उचललेलं ओझं तीन-तीन, चार-चार मिनिटं. आगुस्तीन वरून शिव्या द्यायचा बंद झाला होता. तोही थांबायचा.

जानेवारी २०१६मध्ये मोठी भरती आली. काठ रात्रीतून नाही, भर सकाळी खचला. घराला पाण्याच्या बाजूने जोडलेला स्वयंपाकघराचा भाग पाण्यात गेला, तेव्हा आई चुलीपाशी होती. लोकांनी तिला चिखलातून बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुख्य घर उभं राहिलं, पुढचे दोन खांब हवेत.

खबर आली तेव्हा मी दहा मिनिटांत तातडीच्या रजेचा कागद तयार केला. मॅनेजरची सही घेऊन, गाडी सांगून रुस्लीकडे गेलो. तो आईशीच फोनवर बोलत होता. मागे पाखरांची टेप. फोन ठेवून तो म्हणाला, “अम्मा बोलती है, अभी मत आ. अभी आयेगा तो ईद में घर कौन उठायेगा?”

“अरे, मी दोन्ही वेळा पाठवतो. नियमाचं मी बघतो.”

आयुष्यात पहिल्यांदा मी असं म्हणालो होतो. त्याने माझ्याकडे बघितलं. “नहीं, पाक. अम्मा बोली, ईद. ईद तो ईद.”

मी मॅनेजरची सही असलेला तो कागद फायलीत लावला. वापरला गेला नाही म्हणून रद्दचा शिक्का मारायचा असतो, तो मारला नाही.

आई मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. भाचीच्या घरी, पडून पडून. रुस्ली तेव्हा साडेअठ्ठावीस टनांची टाकी बसवत होता. निरोप माझ्या फोनवर आला होता. मी साइटवर जाऊन टाकी जमिनीवर टेकेपर्यंत थांबलो आणि मग सांगितलं. त्याने हेल्मेट काढलं, पट्टे सोडवून घेतले, मोजून गाडीत ठेवले. मग गाडीच्या चाकाला टेकून बसला. आगुस्तीन क्रेन बंद करून खाली उतरला आणि त्याच्या शेजारी बसला.  मी थोडा लांब उभा होतो.

जूनमध्ये तो निघाला तो कायमचा. मी विचारलं, आता कशाला घर उचलायचं, राहणार कोण तिथे? तो म्हणाला, “अम्मा नहीं है. घर तो है. पानी को क्यों देगा?” दुपारच्या बसने तो मस्कतला गेला. सामान तेवीस किलो भरलं. वजन मीच केलं. बसच्या दारातून त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला, मग तोच हात छातीला लावला, आणि आत जाऊन बसला. सीट पलीकडच्या बाजूची होती, त्यामुळे बस निघाली तेव्हा दिसला नाही.

ईदनंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या भाच्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटं बावन्न सेकंदांचा. आगुस्तीनने आणि मी तो केबिनमध्ये बघितला. घर चालत होतं. खाली नुसते पाय, चिखलात गुडघ्यापर्यंत बुडणारे आणि वर येणारे. मी मोजायचा प्रयत्न केला, पण एकेचाळिसाच्या पुढे सगळे मिसळून गेले. रुस्लीचा आवाज ऐकू येत होता, तो दिसत नव्हता. आगुस्तीन पुटपुटला, “हळू, हळू. थांबव आता. हां.” घर नारळांच्या मागे, कोरड्या उंचवट्याजवळ टेकलं. माणसं खालून वाकून बाहेर आली, खांदे चोळत, एकमेकांना ढकलत, हसत. कोणीतरी जेवायला हाक मारली आणि सगळी तिकडे गेली.

मग घराखालून रुस्ली बाहेर आला. शिडीशी रांजण होता. त्याने पाय धुतले. वर दाराकडे बघितलं. पुन्हा रांजणात तांब्या बुडवून पाय धुतले, अगदी सावकाश, बोटांच्या मधला चिखल काढून. भाचा फोन धरून काहीतरी म्हणाला, बहुतेक, वर जा. रुस्लीने तांब्या पालथा घालून ठेवला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर, घराकडे पाठ करून बसला.